चाचा, कोशर आणि यंत्राला न दिसणारी गोष्ट



जॉर्जिया हा देश हल्ली आपल्याकडे ओळखीचा झालाय तो एमबीबीएसमुळे. कुणाच्या ना कुणाच्या नात्यातलं एखादं पोर तिबिलिसीला डॉक्टर व्हायला गेलेलं असतं. त्या पोराला ‘चाचा’ म्हणजे काय ते नक्की माहीत असणार, आईवडिलांसमोर कबूल करणार नाही ही गोष्ट वेगळी. हा चाचा म्हणजे कुणाचा काका नव्हे. द्राक्षाच्या चोथ्यापासून काढलेली, पाण्यासारखी नितळ दिसणारी आणि घशाखाली उतरताना जाळत जाणारी ही दारू.

या ब्लॉगवर मी एरवी माझ्या पीएचडीच्या कामाबद्दल लिहिते. नवीन वाचकांसाठी एका ओळीत सांगते : जुन्या मडक्यांच्या खापरांमध्ये मुरलेल्या रेणूंवरून त्या मडक्यात कधीकाळी काय ठेवलं होतं हे ओळखणं, हा माझा विषय. आजचा प्रश्न या विषयाच्या अगदी कडेला आहे, पण मला तो फार महत्त्वाचा वाटतो.

समजा, तुमच्यासमोर चाचाच्या दोन बाटल्या ठेवल्यात. एकाच गावची, एकाच जातीची द्राक्षं, एकसारखी तांब्याची भट्टी, तेवढंच अल्कोहोल. एका बाटलीवर ‘कोशर’ असा शिक्का आहे, म्हणजे ती ज्यू धर्मनियमांनुसार चालते. दुसरीवर शिक्का नाही. दोन्हींचे नमुने जगातल्या सगळ्यात महागड्या यंत्रात घातले, तर फरक सापडेल का? नाही सापडणार. आणि तरीही एखादा ज्यू माणूस पहिली बाटली उघडेल आणि दुसरीला हातही लावणार नाही. मग फरक आहे तरी कुठे?

आधी वाइन, मग चाचा

सुरुवात खापरांपासूनच करू. तिबिलिसीच्या दक्षिणेला साधारण ५० किलोमीटरवर गादाच्रिली गोरा आणि शुलावेरिस गोरा ही नवाश्मयुगीन गावांची दोन टेकाडं आहेत. तिथल्या मडक्यांच्या तुकड्यांमध्ये टार्टरिक आम्ल सापडलं, सोबत मॅलिक, सक्सिनिक आणि सायट्रिक आम्लंही. या भागात एवढं टार्टरिक आम्ल देणारं फळ म्हणजे द्राक्ष. त्यामुळे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या या संशोधनाने वाइनचा रासायनिक पुरावा इसवी सनपूर्व ६००० ते ५८०० इतका मागे नेला. त्याआधी हा मान इराणमधल्या हाज्जी फिरुझ टेपे या जागेकडे होता, तिथला पुरावा त्याहून पाचसहाशे वर्षांनी अलीकडचा.

जॉर्जियात वाइन आजही ‘क्वेव्री’मध्ये करतात. क्वेव्री म्हणजे आतून मधमाशीच्या मेणाचा हात दिलेला, अंड्याच्या आकाराचा मातीचा मोठा रांजण. तो गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला असतो, त्यामुळे आतलं तापमान फारसं वरखाली होत नाही. २०१३ साली युनेस्कोने या पद्धतीला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत जागा दिली. काखेती या पूर्वेकडच्या भागात द्राक्षाचा रस सालं, बिया आणि देठांसकट क्वेव्रीत जातो आणि पुढे पाचसहा महिने त्यांच्यासोबतच राहतो.

या सालं-बिया-देठांच्या लगद्यालाच जॉर्जियन भाषेत ‘चाचा’ म्हणतात. आपल्या शब्दात चोथा. दारूला नाव मिळालं ते चोथ्यावरून. वाइन काढून घेतली तरी चोथा ओला असतो, त्यात अल्कोहोल असतं, थोडी साखरही उरलेली असते. तो फेकायचा कशाला? शेतकऱ्याने तो तांब्याच्या भांड्यात घातला, खाली लाकडं पेटवली, वरची वाफ नळीतून गार पाण्यातून नेली, आणि दुसऱ्या टोकाला चाचा ठिबकायला लागला. आपल्याकडच्या हातभट्टीचं तत्त्व हेच. इटलीची ग्राप्पा याच कुळातली.

यातलं रसायनशास्त्र थोडक्यात सांगते, कारण पुढे ते लागणार आहे. चोथ्यात पेक्टिन भरपूर असतं आणि ते मोडताना मिथेनॉल तयार होतं. म्हणून चोथ्याच्या दारूत मिथेनॉल वाइनपासून काढलेल्या ब्रँडीपेक्षा जास्त असतं. युरोपीय संघाच्या नियमांतही हे दिसतं. शुद्ध अल्कोहोलच्या दर १०० लिटरमागे ब्रँडीला २०० ग्रॅम मिथेनॉलची मर्यादा आहे, तर चोथ्याच्या दारूला १००० ग्रॅमची. ‘पहिली धार टाकून दिली की मिथेनॉल गेलं’ असं सर्रास म्हणतात, ते पूर्ण खरं नाही. मिथेनॉल ६४.७ अंशांना उकळतं आणि इथेनॉल ७८.४ अंशांना, पण पाणी-अल्कोहोलच्या मिश्रणात मिथेनॉल शेवटपर्यंत थोडं थोडं येतच राहतं. पहिल्या धारेबरोबर जातं ते मुख्यतः अॅसिटाल्डिहाइड आणि इथाइल अॅसिटेट, म्हणजे नाकात घुसणारा उग्र वास.

यंत्र काय सांगतं

आता त्या दोन बाटल्यांकडे परत येऊ. प्रयोगशाळा बरंच काही सांगू शकते. चोथ्यात साखर मिसळून दारू वाढवली असेल तर ते पकडता येतं. ऊस ज्या पद्धतीने हवेतला कार्बन घेतो ती द्राक्षवेलीपेक्षा वेगळी असते, म्हणून उसाच्या साखरेपासून झालेल्या अल्कोहोलमध्ये कार्बन-१३ चं प्रमाण वेगळं येतं. बिटाची साखर असेल तर ती हायड्रोजनच्या जड भावंडावरून, म्हणजे ड्यूटेरियमवरून ओळखतात. मिथेनॉल मोजता येतं, भट्टीतून उतरलेलं तांबं मोजता येतं.

पण द्राक्षं कुणी तुडवली, चोथा कुणी उपसला, भट्टीखालचा जाळ कुणी लावला, हे कुठल्याच रेणूत लिहिलेलं नसतं. आणि कोशर नियमाला नेमकं तेच विचारायचं असतं.

नियम हाताचा आहे

कोशर म्हटलं की आपल्याला ‘डुक्कर चालत नाही, दूध-मांस एकत्र चालत नाही’ एवढं माहीत असतं. म्हणजे काय खायचं याचे नियम. वाइनची गोष्ट निराळी आहे. द्राक्ष कुठलंही चालतं (वेल तीन वर्षांपेक्षा लहान नको, एवढी एक अट आहे). प्रश्न आहे तो हाताचा. द्राक्षाचा रस चोथ्यापासून सुटा व्हायला लागला, की तिथून पुढे त्याला धर्म पाळणाऱ्या, शब्बाथ पाळणाऱ्या ज्यू माणसांनीच हात लावायचा. दुसऱ्या कुणाचा हात लागला की ती वाइन चालत नाही.

हे ऐकून तुम्हाला सोवळं-ओवळं आठवलं असेल. पण कारण वेगळं आहे. प्राचीन जगात वाइन ही देवाला वाहायची वस्तू होती. शेजाऱ्याने पेल्यातली चार थेंब वाइन आपल्या देवासाठी जमिनीवर ओतली, की ती दुसऱ्या उपासनेची झाली. त्यात पुढे आणखी एक विचार मिसळला : एकत्र पिणं म्हणजे जवळीक, जवळीक म्हणजे सोयरीक, आणि छोटा समाज त्यातून विरघळून जाईल. थोडक्यात, या नियमाला भीती आहे ती आपण हरवून जाण्याची.

या चर्चेत चोथाही आहे, हे मला वाचताना सगळ्यात जास्त आवडलं. साधारण इसवी सन २००च्या आसपास संकलित झालेल्या ‘मिश्ना’ या ग्रंथात ‘अवोदा झारा’ नावाचा भाग आहे, नावाचा अर्थ ‘परकी उपासना’. त्यात परक्यांच्या द्राक्षांच्या सालांचं आणि बियांचं काय करायचं यावर वाद आहे. रब्बी मेईर यांचं मत कडक : चोथ्याचा कुठलाच उपयोग करायचा नाही. इतर विद्वान म्हणतात, ओला असेल तर नाही, वाळला असेल तर हरकत नाही. मग पुढे तालमूदमध्ये ‘ओला’ म्हणजे किती दिवस यावर ऊहापोह होतो आणि बारा महिन्यांची मुदत ठरते. एका अर्थी हा अवशेषांचाच विचार आहे : भांड्यात, सालीत, बीमध्ये वाइन किती काळ मुरून राहते? माझ्या विषयातला मूळ प्रश्नही हाच. आम्ही तो यंत्राने सोडवतो, त्यांनी तो दिनदर्शिकेने सोडवला.

याचा चाचावर परिणाम सरळ आहे. चाचाचा चोथा ताजा आणि ओला असतो. म्हणून वाइन कोशर नसेल तर तिचा चोथा कोशर नाही, आणि त्याची दारूही नाही. ऊर्ध्वपातनाने दोष धुऊन निघत नाही. धान्याची व्होडका किंवा प्लमची दारू करताना हा प्रश्न येतच नाही, कारण हा नियम फक्त द्राक्षाला आहे.

मात्र एकदा कोशर चोथ्याचा चाचा भट्टीतून उतरला, की गंमत होते. उकळलेल्या वाइनला हा हातांचा नियम लागत नाही अशी जुनी तरतूद आहे. अनेक धर्मपंडित ऊर्ध्वपातित दारूलाही तेच लावतात. म्हणजे साधी कोशर वाइन ख्रिस्ती यजमानाने ओतली तर अडचण, पण कोशर चाचा त्याने खुशाल ओतावा.

जॉर्जियात या गोष्टीला वजन आहे, कारण तिथे द्राक्ष हे ख्रिस्ती धर्माच्याही मध्यभागी आहे. देशाला ख्रिस्ती धर्म देणाऱ्या संत निनो हिचा क्रूस द्राक्षवेलीचा, तिच्याच केसांनी बांधलेला, अशी कथा आहे. घरातल्या वाइनपैकी काही वाटा चर्चच्या विधीसाठी वेगळा ठेवायची पद्धत होती, त्या वाइनला ‘झेदाशे’ म्हणतात. आणि ‘सुप्रा’ या मेजवानीत ‘तामादा’ नावाचा म्होरक्या एकामागून एक शुभेच्छा देत असतो, प्रत्येक शुभेच्छेला पेला वर जातो. अशा देशात ज्यू शेजाऱ्याने मेजावर बसायचं कसं? भट्टीतून उतरलेला पेला ही त्यातली एक फट होती.

पेसाहची परीक्षा

वर्षातले आठ दिवस आणखी एक परीक्षा असते. पेसाह या सणात गहू, जव, राय, ओट आणि स्पेल्ट या पाच धान्यांचं आंबलेलं काहीही चालत नाही. व्हिस्की गेली, धान्याची व्होडका गेली, बिअर गेली. पूर्व युरोपातले ज्यू या दिवसांत प्लमची स्लिव्होविट्झ पितात, ती याचसाठी. जिथे द्राक्ष मुबलक, तिथे द्राक्षाची दारू हा सरळ पर्याय.

पण इथेही तपशिलात अडचण आहे. गावठी भट्ट्यांवर झाकणाची फट कणकेने लिंपायची पद्धत अनेक देशांत आहे. कणीक म्हणजे गहू, आणि वाफ तर तिथूनच जाणार. पेसाहसाठी दारू काढायची तर लिंपायला दुसरं काहीतरी शोधायला हवं. यीस्ट विकतचं असेल तर ते कशावर वाढवलं ते विचारायला हवं. आधी दुसरी वाइन ठेवलेल्या लाकडी पिंपात मुरवायचं असेल तर त्या पिंपाचा इतिहास विचारायला हवा. शिवाय काखेतीतला ‘र्तवेली’, म्हणजे द्राक्षतोडणीचा हंगाम, सप्टेंबर-ऑक्टोबरात येतो, आणि ज्यूंचे नववर्ष, योम किप्पूर आणि सुक्कोथ हे सणही त्याच सुमारास. सणाच्या आणि शब्बाथच्या दिवशी हात थांबतात. यीस्टला सुट्टी नसते. त्यामुळे तोडणीचा आणि तुडवणीचा दिवस पंचांग पाहून ठरवावा लागतो.

हात गेले कुठे

नियम हाताचा आहे म्हटल्यावर पुढचा प्रश्न आपोआप येतो : असे हात जॉर्जियात किती होते, आणि आज किती आहेत?

जॉर्जियन ज्यू समाज फार जुना. परंपरा सांगते की बाबिलोनच्या नेबुखदनेझरने इसवी सनपूर्व ५८६ मध्ये जेरुसलेमचं मंदिर पाडलं, तेव्हा तिथून निघालेले काही लोक म्त्सखेता या जुन्या राजधानीपाशी येऊन वसले. जॉर्जियाच्या जुन्या बखरींतही हे आहे. १९९८ मध्ये देशाने या वास्तव्याची २६०० वर्षं साजरी केली. या लोकांची भाषा जॉर्जियन, नावं जॉर्जियन, जेवण जॉर्जियन. सगळं सुरळीत होतं असंही नाही. मध्ययुगापासून पार एकोणिसाव्या शतकापर्यंत त्यांच्यातले अनेक जण राजांचे, सरदारांचे किंवा चर्चचे वेठबिगार होते. १८७९ साली कुताइसीत ज्यूंवर एका ख्रिस्ती मुलीच्या मृत्यूचा खोटा खटला चालला आणि आरोपी निर्दोष सुटले.

सोव्हिएत काळात धर्मावर बंधनं आली, तरी सोव्हिएत संघातल्या इतर ज्यूंच्या तुलनेत या लोकांनी आपले रिवाज बरेच टिकवले. ६ ऑगस्ट १९६९ रोजी त्यांच्यापैकी १८ कुटुंबांनी संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार आयोगाला पत्र लिहिलं : आम्हाला इस्रायलला जाऊ द्या. त्या काळी अशा पत्राखाली स्वतःची नावं घालणं म्हणजे नोकरी आणि स्वातंत्र्य दोन्ही पणाला लावणं. इस्रायलच्या पंतप्रधान गोल्डा मेयर यांनी ते पत्र तिथल्या संसदेत वाचून दाखवलं. पुढच्या दशकात दारं थोडी उघडली आणि हजारो लोक निघून गेले.

जनगणनेचे आकडेच पाहा. १९७० मध्ये जॉर्जियात ५५ हजारांवर ज्यू होते. १९७९ मध्ये सुमारे २८ हजार. २००२ मध्ये ३,५४१. २०१४ मध्ये १,४०५. छळामुळे सगळे गेले असं नाही, अनेक जण ओढीने गेले, सोव्हिएत संघ कोसळल्यावरच्या हलाखीमुळेही गेले. आज अश्दोदसारख्या इस्रायली शहरांत जॉर्जियन ज्यूंच्या मोठ्या वस्त्या आहेत.

द्राक्षाच्या बाजूनेही हा काळ सोपा नव्हता. १९८५ मध्ये गोर्बाचेव्ह यांच्या दारूविरोधी मोहिमेत बागाच्या बागा उपटल्या गेल्या. २००६ मध्ये रशियाने जॉर्जियन वाइनवर बंदी घातली, ती २०१३ पर्यंत टिकली. सगळ्यात मोठं गिऱ्हाईक एका रात्रीत गेल्यावर उत्पादकांना नव्या बाजारपेठा शोधणं भाग पडलं. आज जॉर्जियातून कोशर वाइन आणि कोशर चाचा बाहेर जातो, त्याला ही पार्श्वभूमी आहे.

कोकणातले मनुके

हा नियम मराठी माणसापासून फार लांबचा नाही. रायगड जिल्ह्यातल्या गावांमध्ये शतकानुशतकं राहिलेले बेने इस्रायली हे मराठी बोलणारे ज्यू. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून गावाने त्यांना नाव दिलं ‘शनिवार तेली’. शब्बाथच्या आशीर्वादाला द्राक्षरस हवा, पण कोकणात कोशर वाइन कुठून आणायची? मग त्यांनी मनुके पाण्यात भिजवून, कुस्करून त्याचं सरबत केलं. आंबवायचंही नाही. आशीर्वादासाठी ते चालतं, आणि घरच्या हातचं असतं. बेने इस्रायली घरांत ती पद्धत आजही आहे. पेसाहच्या सणाला त्यांच्याकडे ‘आंबट भांडं झाकून ठेवायचा सण’ अशा अर्थाचं जुनं मराठी नावही होतं.

एकीकडे आठ हजार वर्षांची द्राक्षशेती, दुसरीकडे भाताची खाचरं आणि नारळ. तरी दोन्हीकडच्या घरांत तोच प्रश्न आणि त्याच प्रश्नाची स्थानिक उत्तरं. बेने इस्रायलींपैकीही बहुतेक कुटुंबं १९४८ नंतर इस्रायलला गेली.

मग वारसा कशात आहे?

‘आमचा वारसा’ असं म्हणताना आपण बहुधा वस्तूकडे बोट दाखवतो. हा रांजण, ही भट्टी, ही बाटली. वस्तूंचं एक बरं असतं, त्या संग्रहालयात ठेवता येतात आणि माझ्यासारखे लोक त्यांचे तुकडे तपासू शकतात. कोशर चाचाच्या बाबतीत हे चालत नाही. तिथे वस्तूत काहीच वेगळं नाही. वेगळेपण आहे ते माणसांच्या साखळीत : कुणी तोडलं, कुणी तुडवलं, कुठल्या दिवशी थांबले, भट्टीचं तोंड कशाने लिंपलं. ही माणसं गेली तर आंबवणं चालूच राहील, चाचा पहिल्याइतकाच जाळेल, आणि कोशर चाचा मात्र संपलेला असेल. रसायनशास्त्राला त्याचा पत्ताही लागणार नाही.

आज शिक्का देण्यासाठी ‘मश्गियाख’ म्हणजे धार्मिक देखरेख करणारा माणूस लागतो. तो आजूबाजूच्या गल्लीतलाच असेल असं नाही, कधी बाहेरून येतो. काही जण म्हणतील, मग हा निर्यातीचा माल झाला, वारसा कसला? मला असं वाटत नाही. देखरेख करणारा माणूस भट्टीपाशी उभा राहून जे प्रश्न विचारतो, ते अठराशे वर्षांपूर्वीच्या चोथ्यावरच्या वादातून आलेले आहेत. प्रश्न विचारणारं कुणीतरी आहे तोवर साखळी चालू आहे. पण या प्रश्नांना एका घरातली, एका गावची अशी जी उत्तरं होती (कणकेऐवजी काय वापरायचे, तोडणीचा दिवस कसा ठरवायचे, शेजाऱ्याला पेला कसा द्यायचे), ती शिक्क्यात मावत नाहीत. ती कुताइसीत किंवा अश्दोदमध्ये कुणा आजोबांच्या डोक्यात असतील, आणि ती विचारून लिहून ठेवायला आपल्या हातात फार वर्षं नाहीत.

खापरांवर काम करताना मी हल्ली एक गोष्ट मनाशी घोकत असते. ‘या मडक्यात वाइन होती’ हे वाक्य मी पुराव्यानिशी लिहू शकते. ‘ही वाइन कुणाला चालत होती आणि कुणाला नाही’ हे वाक्य माझं यंत्र कधीच लिहून देणार नाही. गादाच्रिली गोराच्या लोकांचे असे काही नियम असतील तर ते कायमचे गेले. जॉर्जियन ज्यूंचे आणि आपल्या शनिवार तेल्यांचे अजून विचारता येतात.

म्हणून एक विनंती. तुमच्यापैकी कुणाच्या घरी किंवा ओळखीत बेने इस्रायली मंडळी असतील, तर मनुक्यांचं सरबत घरी नेमकं कसं करायचे ते विचारा. किती वेळ भिजवायचे, कुठल्या भांड्यात, कोण करायचं, आणि कुणी करायचं नाही. मला लिहून पाठवलंत तर आनंद होईल, पण आधी तुमच्या वहीत लिहून ठेवा.

पुढच्या वेळी पुन्हा खापरांकडे : मेणाचा हात दिलेल्या भांड्यात रेणू मुरतात की नाही, यावर बोलू.